भूल उतरली, पण ताकद आली का?

ऑपरेशन संपलं की थिएटरच्या दारात नातेवाईक आम्हाला एकच विचारतात, "डॉक्टर, शुद्धीवर आले का?" प्रश्न बरोबर आहे. पण आम्हा भूलतज्ज्ञांच्या डोक्यात त्या वेळी आणखी एक प्रश्न असतो, आणि तो सहसा कोणी विचारत नाही: ताकद परत आली का? शुद्ध येणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. दोन्ही वेगवेगळ्या औषधांनी घालवलेल्या असतात आणि वेगवेगळ्या वेळी परत येतात. आज त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आणि ती मोजायची कशी याबद्दल बोलायचं आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते की भूल म्हणजे एक इंजेक्शन. संपूर्ण भूल देताना आम्ही निदान तीन कामं वेगवेगळ्या औषधांनी करतो. झोप आणायची, वेदना थांबवायच्या आणि स्नायू सैल करायचे. तिसऱ्याची गरज का? माणूस गाढ झोपेत असला तरी पोटाचे स्नायू घट्ट राहू शकतात, आणि मग सर्जनला आत काम करता येत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरून जागा करावी लागते, तिथेही तेच. शिवाय श्वासनलिकेत नळी घालताना स्वरयंत्राचे पडदे उघडे आणि शांत असलेले बरे. म्हणून व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम अशी स्नायू शिथिल करणारी औषधं दिली जातात.

ही औषधं पोटाचा स्नायू आणि छातीचा स्नायू असा भेद करत नाहीत. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून तेवढा वेळ श्वास यंत्राने द्यावा लागतो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ही औषधं मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. झोपेचं औषध न देता नुसतं हेच दिलं, तर माणसाला सगळं ऐकू येईल, सगळं कळेल, आणि पापणीसुद्धा हलवता येणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही औषधं आली कुठून, तर बाणाच्या विषातून. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले लोक शिकारीसाठी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचा वनस्पतींचा काढा लावत. प्राणी लुळा पडे आणि श्वास थांबून मरे. १८१४ मध्ये चार्ल्स वॉटरटन या इंग्रज प्रवाशाच्या पुढाकाराने लंडनमध्ये एका गाढवीला हे विष देऊन भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहिले. विषाचा अंमल उतरला आणि गाढवीण उठून उभी राहिली. पुढे ती बरीच वर्षं जगली. म्हणजे हे विष हृदय थांबवत नाही, मेंदू मारत नाही, फक्त श्वास बंद पाडतं. तेवढा वेळ कोणी श्वास दिला तर जीव वाचतो. पुढे क्लोद बर्नार यांनी फ्रान्समध्ये बेडकांवर प्रयोग करून दाखवलं की मज्जातंतूही शाबूत असतो आणि स्नायूही शाबूत असतो. बिघाड होतो तो दोघांच्या सांध्यावर.

माणसाच्या भुलेत क्युरारे आलं ते २३ जानेवारी १९४२ रोजी, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये ते वापरलं. सर्जन खूश झाले. काही वर्षांत सगळीकडे वापर सुरू झाला. आणि मग १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा हॉस्पिटलांमधल्या जवळपास सहा लाख भुलांचा हिशेब मांडला. शिथिलक न वापरलेल्या रुग्णांत भुलेमुळे झालेले मृत्यू २१०० मागे एक होते, आणि वापरलेल्यांत ३७० मागे एक. मोठा गहजब झाला. औषधच विषारी आहे असं काहींनी म्हटलं. त्या आकड्यांच्या अर्थावर नंतर पुष्कळ वाद झाला, पण आमचं मत विचाराल तर दोष औषधापेक्षा वापराच्या पद्धतीत जास्त होता. औषध पूर्ण उतरलं आहे की नाही हे तपासायची रीतच त्या काळी नव्हती.

आता तो सांधा समजून घेऊ. मज्जातंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये बारीकशी फट असते. मेंदूचा हुकूम टोकापर्यंत आला की तिथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या रिसेप्टरमध्ये बसतं. किल्ली कुलपात बसावी तसं. कुलूप उघडलं की स्नायू आकुंचन पावतो. क्युरारेच्या घराण्यातली औषधं कुलपात नुसती अडकून बसतात, ते उघडत नाहीत आणि खऱ्या किल्लीला जागाही देत नाहीत.

आपल्याकडे ग्रामीण भागात काम केलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. नागाच्या विषातला एक घटक याच कुलपांवर बसतो. नाग चावलेल्या माणसाच्या आधी पापण्या जड होतात, मग एकाचे दोन दिसायला लागतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि शेवटी श्वास. म्हणून सर्पदंशात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीनही दिलं जातं. भूल उतरवताना आम्ही वापरतो तेच. मण्यारीचं विष मुख्यतः मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, त्यामुळे तिथे निओस्टिग्मीन फारसं चालत नाही. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता कळीचा मुद्दा. निसर्गाने ही कुलपं गरजेपेक्षा कितीतरी जास्त देऊन ठेवली आहेत. शंभरातली सत्तर-पंच्याहत्तर बंद झाली तरी मज्जातंतूला एकच झटका दिल्यावर स्नायू नेहमीइतकाच उडतो. त्याच्या पुढे मात्र ताकद झपाट्याने कमी होते आणि नव्वद-पंच्याण्णवच्या आसपास स्नायू जवळजवळ थांबतो. औषध उतरताना हेच उलट्या क्रमाने होतं. हात हलला, श्वास सुरू झाला, म्हणजे सगळी कुलपं मोकळी झाली असं नाही. कदाचित दोन-तृतीयांश अजून बंदच असतील. माणूस वरवर ठीक दिसतो आणि त्याच्याकडे शिल्लक काहीच नसते. महिनाअखेरीला खिशात शंभर रुपये असावेत तसं. चहा पिता येतो, पण रिक्षा करावी लागली तर पंचाईत.

त्यातच सगळे स्नायू एकदम परत येत नाहीत. श्वासपटल दांडगं आहे, ते लवकर परत येतं. घशाचे, जिभेमागचे, गिळण्याचे स्नायू नाजूक, ते उशिरा. आता रुग्ण यंत्राला जोडलेला आहे, नळी घशात आहे, तो स्वतःचा श्वास घेतो आहे, पडद्यावर छान लाटा उमटत आहेत. आम्हाला वाटतं झालं. नळी काढली. नळीने जो रस्ता उघडा धरला होता तो आता घशाच्या स्नायूंनी उघडा धरायचा आहे, आणि ते अजून कामावर आलेलेच नाहीत. जीभ मागे पडते. लाळ किंवा पोटातलं काही वर आलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांवर हे तपासलं. औषधाचा थोडासाच अंमल शिल्लक असतानाही गिळण्याचा ताळमेळ बिघडतो, आणि रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की श्वास वाढवण्याची शरीराची जी सवय असते तीही मंदावते. कारण ऑक्सिजनवर पहारा देणाऱ्या मानेतल्या ग्रंथीतही त्याच जातीची कुलपं आहेत.

आणि रुग्णाला काय वाटत असेल? तो जागा आहे. झोपेचं औषध उतरलं आहे. त्याला ऐकू येतं, पण मान धरवत नाही, बोलायला जातो तर आवाज फुटत नाही, छाती भरून श्वास येत नाही. तो हातपाय झाडतो, पाण्याबाहेरच्या माशासारखे अर्धवट, तुटक. जवळ उभ्या असलेल्यांना वाटतं दुखत असेल, घाबरला असेल, आणि कोणीतरी गुंगीचं औषध देतं. यापेक्षा वाईट उपाय सुचणं कठीण आहे. सगळ्या रुग्णांचं असं होत नाही. बहुतेकांना थोडा अशक्तपणा जाणवतो आणि तासाभरात जातो. पण वयस्कर माणूस, जाड माणूस, झोपेत घोरणारा, दमेकरी, यांच्याकडे आधीच शिल्लक कमी असते.

मग तपासायचं कसं? जुनी पद्धत अशी: मान उचला, पाच सेकंद धरा, माझा हात दाबा, जीभ बाहेर काढा. आम्ही सगळे हेच शिकलो आणि अजून करतो. अडचण एवढीच की ताकद जेमतेम साठ टक्क्यांच्या पातळीवर आली असताना, काही जणांत त्याच्याही आधी, माणूस पाच सेकंद मान उचलून दाखवतो. अर्धवट गुंगीतल्या माणसाला हुकूम पाळायला लावणं हा आणखी वेगळा प्रकार.

म्हणून मज्जातंतूलाच विचारायचं. लंडनच्या क्रिस्टी आणि चर्चिल-डेव्हिडसन यांनी १९५८ मध्ये भुलेसाठी हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र मांडलं. कल्पना सोपी आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, अल्नर नावाचा मज्जातंतू त्वचेजवळून जातो. कोपर टेबलावर आपटल्यावर जी झिणझिणी करंगळीपर्यंत जाते ना, तोच. तिथे ईसीजीला लावतात तसे दोन चिकट इलेक्ट्रोड लावायचे आणि विजेचा झटका द्यायचा. एका सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका छोटा, साधारण चाळीस ते साठ मिलिअँपिअरचा. अंगठा तळहाताकडे उडतो. झटका इतका हवा की तंतूतला प्रत्येक धागा जागा होईल. अर्धवट झटका दिला तर अर्धवट उत्तर मिळतं आणि आपण फसतो. हात थंड असला तरी फसतो.

पण एका झटक्यात एक अडचण होती. अंगठा किती उडाला हे बघायचं, पण कशाच्या मानाने? औषध देण्याआधीचं माप घेतलेलं असेल तरच तुलना करता येते. १९७० मध्ये लिव्हरपूलच्या हसन अली, अटिंग आणि ग्रे यांनी यावर जो तोडगा काढला तो इतका साधा आहे की आज वाटतं हे कोणालाही सुचलं असतं. एक झटका नाही, चार द्यायचे. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने. आणि चौथ्याची तुलना पहिल्याशी करायची. आधीचं माप लागतच नाही, रुग्णच स्वतःचं माप. याला ट्रेन ऑफ फोर म्हणतात, थिएटरमध्ये नुसतं टी-ओ-एफ.

हे चालतं कसं? निरोगी माणसात चारही वेळा अंगठा सारखाच उडतो. औषधाचा अंमल असताना पहिला जोरात, दुसरा कमी, तिसरा आणखी कमी, चौथा अगदी मलूल. मज्जातंतूच्या टोकावरही याच प्रकारची कुलपं असतात. लागोपाठ हुकूम यायला लागले की मागचा साठा पुढे आणा असं सांगणं हे त्यांचं काम. औषध तीही बंद करतं. मग पहिल्या हुकमाला हाताशी असलेला माल जातो आणि चौथ्यापर्यंत टंचाई होते. अंमल खोल असेल तर चौथा झटका उमटतच नाही, मग तिसरा जातो, मग दुसरा. चौथा गेला म्हणजे साधारण पाऊण अंमल, फक्त पहिला उरला म्हणजे नव्वद टक्के किंवा जास्त. सर्जनला बहुतेक वेळा तेवढा पुरतो. औषधाचा पुढचा डोस घड्याळ बघून द्यायचा की अंगठा बघून द्यायचा, याचं उत्तर इथे मिळतं. घड्याळावर विसंबू नये याला पुरावा आहे. फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत औषधाचा एकच डोस मिळालेल्या रुग्णांना दोन तासांहून जास्त वेळ होऊन गेल्यावर तपासलं. उतारा दिलेला नव्हता. शंभरातल्या ३७ जणांत अंमल शिल्लक होता.

उतरताना चारही झटके परत दिसायला लागतात, आणि इथे माणसाचा डोळा हार मानतो. चौथा झटका पहिल्याच्या चाळीस टक्के झाला, की त्यापुढे फरक बघून किंवा बोटाने चाचपूनही कळत नाही. अनुभवी माणसालासुद्धा नाही. डेन्मार्कच्या व्हीबी-मोगेन्सन यांच्या गटाने १९८० च्या दशकात हे दाखवून दिलं. आणि सुरक्षित पातळी कुठे आहे? नव्वद टक्क्यांवर. पूर्वी सत्तर मानत असत. याच गटाने १९७९ मध्ये रिकव्हरी रूममधल्या ७२ रुग्णांना तपासलं तेव्हा ४२ टक्के लोक त्या सत्तरच्याही खाली होते. म्हणजे चाळीस ते नव्वद या टप्प्यात रुग्ण धोक्यात असतो आणि आम्हाला तो ठणठणीत दिसतो. आमच्या मते आजच्या सगळ्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य घरी नेलं तरी पुष्कळ आहे.

म्हणून मोजणारं यंत्र लागतं. अंगठ्याला छोटा सेन्सर बांधतात. तो अंगठ्याचा वेग किती झपाट्याने वाढला ते मोजतो आणि पडद्यावर आकडा देतो. दुसऱ्या प्रकारात स्नायूत उमटणारी वीजच मोजतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हात अंगालगत चादरीत गुंडाळलेले असतात, अंगठा मोकळा नसतो, तिथे हा दुसरा प्रकार सोयीचा. कधी कधी हात हाती लागत नाही म्हणून चेहऱ्यावर, भुवईजवळ इलेक्ट्रोड लावतात. ऑपरेशन चालू असताना ठीक आहे, पण नळी काढायचा निर्णय त्यावर घेऊ नये. भुवई अंगठ्याच्या आधी शुद्धीवर येते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलं आहे: मोजणारं यंत्र, अंगठ्यावर, आणि नळी काढण्याआधी आकडा ०.९ किंवा वर.

उतारा देण्याबद्दल दोन शब्द. निओस्टिग्मीन खऱ्या किल्ल्यांची संख्या वाढवतं, अडकलेल्या किल्ल्या काढत नाही. त्यामुळे त्याच्या ताकदीला मर्यादा आहे. अंमल खोल असताना दिलं तर पुरत नाही, आणि पूर्ण परिणामाला दहा मिनिटं तरी लागतात. दिलं आणि लगेच नळी काढली, असं होता कामा नये. सुगामाडेक्स हे नवं औषध वेगळ्या रीतीने काम करतं. साखरेच्या रेणूंचं कडं असतं, ते रोक्युरोनियमला पोटात घेऊन बंद करून टाकतं. व्हेक्युरोनियमवरही चालतं, अ‍ॅट्राक्युरियमवर मुळीच नाही. युरोपात २००८ पासून आहे, अमेरिकेत परवानगी २०१५ च्या अखेरीस मिळाली. काही जण म्हणतात, आता हे आलं, मग मोजायचं कशाला? तर त्याचा डोससुद्धा अंमल किती खोल आहे त्यावर ठरतो, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडची परिस्थिती लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात एकच भूलतज्ज्ञ सकाळी एका हॉस्पिटलात आणि दुपारी दुसऱ्यात, आपली औषधांची बॅग गाडीत घेऊन फिरत असतो. पुढचा रुग्ण टेबलावर यायची वाट बघत असतो. मोजणारं यंत्र महाग आहे, झटका देणारं साधं यंत्र त्या मानाने स्वस्त, खिशात मावणारं. नव्वद टक्के त्याने कळणार नाहीत, पण चौथा झटका आला नसताना उतारा देण्याची चूक नक्की टळेल. आणि ज्याच्याकडे आकडा नाही त्याच्याजवळ एक गोष्ट असते ती म्हणजे वेळ. उतारा देऊन आणखी दहा-पंधरा मिनिटं नळी राहू द्यायला पैसे पडत नाहीत. बाहेर थांबलेल्या सगळ्यांनी, सर्जनसकट, ती मिनिटं आम्हाला द्यावीत.

शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आले, ते घेऊ.

एका ताईंनी विचारलं, हे झटके दुखतात का? भुलेत काही कळत नाही. जाग्या माणसाला चार झटके अप्रिय वाटतात, पण सहन होतात, आणि रिकव्हरीत करायचे असतील तर करंट कमी ठेवता येतो. सलग पाच सेकंदांचा झटकाही एका चाचणीत असतो, तो मात्र चांगलाच दुखतो. तो जाग्या माणसाला देऊ नये.

दुसरा प्रश्न, आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आहे, आम्ही काय विचारावं? भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी भेटायला येतात, तेव्हा विचारा: स्नायू सैल करण्याचं औषध देणार का, आणि ते उतरलं हे कसं बघणार? यात कोणी रागावण्यासारखं काही नाही. आणि आईला पापण्या जड होणं, संध्याकाळी थकवा वाढणं असा मायस्थेनियासारखा काही त्रास असेल, किंवा किडनीचा आजार असेल, तर न विचारताच सांगा.

तिसरा प्रश्न नांदेडच्या एका काकांचा. भावाचं छोटंसं ऑपरेशन झालं आणि तो कितीतरी तास श्वास घेईना, व्हेंटिलेटरवर ठेवावा लागला, असं का? बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण एक शक्यता सांगतो. नळी पटकन घालण्यासाठी सक्सिनिलकोलीन, ज्याला आम्ही स्कोलीन म्हणतो, ते दिलं जातं. रक्तातलं एक एन्झाइम ते काही मिनिटांत तोडून टाकतं. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच नसतं, आणि मग तेच औषध तासन् तास टिकतं. मूळच्या तेलुगू आर्य वैश्य समाजात हे इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं. आपल्या नांदेड-चंद्रपूरकडेही ही मंडळी आहेत. अशा वेळी मज्जातंतूचं यंत्र लावलं की अंगठा हलत नाही हे दिसतं, म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही, औषध टिकून आहे, एवढं लगेच कळतं. उपाय सोपा आहे: रुग्णाला झोपेत ठेवायचं, श्वास देत राहायचं आणि वाट बघायची. भावाची ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात दोष निघाला तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही करून घ्यावी, आणि तो कागद पुढच्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी फाइलमध्ये सगळ्यात वर लावावा.